ओलसाहेब

भिंतीला जीभ लावून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. चांगला कोट घातलेला, पन्नाशीकडे झुकलेला, डोक्यावर काळी टोपी. लोकांच्या घरात शिरायचा, ओल आलेल्या भिंतीपाशी जायचा, नखानं पोपडा उचलायचा आणि खाली दिसणारा पांढरा लोणा, ओलीनं भिंतीला फुटलेला खार, जिभेच्या टोकावर ठेवायचा. मग डोळे मिटून उभा. घरातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. साहेब डोळे उघडून म्हणायचे, "जुना आहे. दोन वर्षांचा तरी."

हे आमच्या विमा कंपनीचे सर्व्हेअर. समोर आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, पाठीमागे सगळं ऑफिस ओलसाहेब म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा टेलिफोनवर त्यांनी स्वतःच, "हां, ओलसाहेब बोलतोय," असं सांगितलं आणि आमचे हेडक्लार्क खुर्चीतून पडायचे राहिले.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली असतील. ठाण्याला स्टेशनरोडवर, एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर कंपनीची छोटी शाखा होती. मी मॅट्रिक होऊन, टायपिंगच्या दोन परीक्षा देऊन तिथे लागले. वीस वर्षांची होते. ऑफिसात मी एकटी बाई, म्हणून माझं टेबल खिडकीपाशी, सगळ्यांकडे पाठ करून ठेवलं होतं. टाईप करताना मला फक्त समोरचा रस्ता आणि तलावाचा एक तुकडा दिसायचा. आजही टाईपरायटरचा आवाज ऐकला की मला तो पाण्याचा तुकडा दिसतो.

घराचा विमा म्हणजे तेव्हा आगीचा विमा. पण जादा हप्ता भरला की त्याला एक पाण्याचं कलम जोडून मिळायचं. टाकी फुटली, नळ फुटला, पाणी भरून वाहिलं आणि घराचं नुकसान झालं, तर कंपनी भरपाई देणार. अट एकच: हे अचानक झालेलं पाहिजे. थेंब थेंब गळून, महिनोन् महिने झिरपून भिंत खराब झाली तर ती मालकाची हयगय, कंपनीचा संबंध नाही. त्यामुळे दावा करणारा प्रत्येक माणूस सांगायचा की सगळं एकदम झालं. आणि ओलसाहेबांचं काम होतं ते एकदम होतं की हळूहळू, हे ठरवणं.

त्यांच्या खाकी पिशवीत एक छोटी हातोडी, खडू, नोंदींची वही आणि जुन्या बाजारात घेतलेली डॉक्टरची नळी असायची. ती नळी भिंतीला लावून ते आतल्या पाइपाचा आवाज ऐकायचे. त्या वेळी घरात कुणी बोललेलं चालत नसे. कल्याणला एका घरात नवी सून त्यांची ती नळी बघून त्यांना थेट आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथे तिचे सासरे खोकत पडले होते. साहेबांनी काय करावं? टोपी काढली, म्हाताऱ्याच्या छातीला नळी लावली, नीट ऐकलं आणि म्हणाले, "आत काही गळत नाही. पण खऱ्या डॉक्टरांना दाखवा." मग न्हाणीघर कुठे आहे ते विचारलं.

त्यांच्या घरचे लोक पिढ्यान् पिढ्या कळव्याच्या मिठागरांवर राबलेले. वडिलांच्या पायांना मिठानं भेगा पडलेल्या असायच्या, असं ते एकदाच बोलले होते. स्वतः ते इंग्रजी चौथीपर्यंत शिकले, युद्धाच्या काळात कल्याणच्या लष्करी छावणीत नळजोडणीच्या कामावर होते आणि तिथल्या एका गोऱ्या अधिकाऱ्यानं दिलेल्या चिठ्ठीवर ह्या धंद्यात आले. ऑफिसात ते पुस्तकासारखं मराठी बोलायचे, पण गावाकडचं कुणी भेटलं की भाषा क्षणात बदलायची.

माजिवड्याच्या एका जमीनदाराची गोष्ट ते स्वतः सांगायचे. त्या गृहस्थांनी नवं घर बांधलं होतं आणि मुंबईच्या कुठल्या तरी बंगल्यात बघून न्हाणीघरात शॉवर बसवला होता. दावा असा होता की शॉवरचा पाइप फुटला आणि शेजारच्या खोलीतलं पोतीच्या पोती भात भिजलं. साहेब न्हाणीघरात गेले. तिथे शेणी रचून ठेवलेल्या. त्यांनी शॉवरची चावी फिरवली. पाणी नाही. उलटी फिरवली, तरी नाही. मागे जाऊन बघितलं तर पाइप भिंतीबाहेर येऊन तसाच संपला होता, पुढे कशालाच जोडलेला नव्हता.

"काका, याला पानी कुठून येतं?" साहेबांनी विचारलं.

"पानी कशाला?" काका म्हणाले. "शोभंसाठी लावलाय तो. आंघोळ आमी हिरीवरच करतो."

"मंग भात कशानं भिजलं?"

काकांनी थोडा वेळ वर बघितलं. वर कौलं फुटलेली होती. "येवढं बगितलास, तर आता च्या तरी घेशील का?" ते म्हणाले.

साहेबांनी चहा घेतला नाही. दावेदाराच्या घरचा चहा निकाल लागेपर्यंत घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. पण नियमाचा दुसरा अर्धा भाग जास्त विचित्र होता. निकाल लागला, पत्र गेलं, की पुढच्या आठवड्यात साहेब त्या घरी पुन्हा जायचे आणि दारात उभे राहून म्हणायचे, "आमचा चहा राहिला होता." दावा मंजूर झालेला असो की नामंजूर. काही ठिकाणी तोंडावर दार आपटलं जायचं. माजिवड्याच्या काकांनी मात्र त्यांना चहाबरोबर तांदळाची भाकरी आणि सुकटही खायला घातली.

मी एकदा विचारलं, "साहेब, ज्यांना नाही म्हटलं त्यांच्याकडे कशाला जाता?"

"बाई, नाही मी त्यांच्या भिंतीला म्हटलं. त्यांनी मला काय केलंय?"

ते मला बाई म्हणायचे. मला वीस वर्षांच्या मुलीला हे फार भारदस्त वाटायचं.

त्यांचं अक्षर कुणालाच लागायचं नाही, त्यांनाही नाही. त्यामुळे पुढे पुढे मोठं काम असलं की ते मला बरोबर न्यायचे. मी शॉर्टहँडमध्ये मालकाची जबानी उतरून घ्यायची, ऑफिसात येऊन टाईप करायची. तशीच मी एका वैशाखात त्यांच्याबरोबर नौपाड्यातल्या मास्तरांच्या घरी गेले.

मास्तर निवृत्त हेडमास्तर होते. सत्तरीचे, ताठ, धोतर परीटघडीचं. आयुष्यभराच्या कमाईतून त्यांनी वर एक मजला असलेलं छोटं घर बांधलं होतं. परसात विहीर, छपरावर लोखंडी टाकी, विहिरीचं पाणी पंपानं टाकीत चढायचं आणि तिथून वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात यायचं. त्या न्हाणीघरात शॉवर होता. त्याच्यामागच्या भिंतीला ओल होती, आणि खाली बैठकीच्या खोलीचं छत कोसळलं होतं. फळ्या, चुना, माती, सगळं मास्तरांच्या पुस्तकांच्या कपाटावर आणि कॉटवर पडलं होतं. दुपारची वेळ म्हणून ते शेजारी पेपर वाचायला गेले होते, नाहीतर त्या कॉटवर तेच असते. न्हाणीघराखालच्या भागात एका तुळईनं बाक घेतला होता. पाऊस यायला महिना राहिला होता. दुरुस्ती झाली नाही तर घर राहण्यासारखं नव्हतं, आणि मास्तरांपाशी पेन्शनीपलीकडे काही नव्हतं. एकुलती मुलगी नागपूरला. ती म्हणत होती, घर विका आणि इकडे या.

मास्तरांनी मला शांतपणे जबानी दिली. पाइप अचानक फुटला, पाणी एकदम आलं, भिंत आणि छत दोन्ही त्यानंच गेलं. मी लिहून घेत होते. साहेब वर न्हाणीघरात होते. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली, तसे आम्ही दोघं वर गेलो.

शॉवरखालच्या भिंतीवर त्यांनी खरवडून तळहाताएवढा चौकोन केला होता. चुन्याचे पापुद्रे एकावर एक, पिवळट, पांढरा, परत पिवळट.

"मास्तर," साहेब म्हणाले, "ह्या भिंतीला गेल्या वर्षात पाच वेळा चुना लागलाय. दिवाळी पाचदा आली का?"

न्हाणीघरात एक लाकडी बैठं स्टूल होतं, मास्तर त्यावर बसले. तिथे बसलेले ते एकदम म्हातारे दिसले.

"आमच्या हिला संधिवात होता," ते म्हणाले. "बोटं वळून गेलेली. तांब्या उचलता यायचा नाही. दुसऱ्या कुणी अंघोळ घातलेली तिला आवडायची नाही, माझ्याकडूनसुद्धा नाही. म्हणून हा शॉवर. ह्या स्टुलावर बसायची. गरम पाणी मी खालून तापवून त्या वरच्या डब्यात ओतायचो, ते ह्यातून यायचं. अर्धा तास धारेखाली बसली की तिची बोटं उघडायची. मग दुपारपर्यंत ती स्वतः भाजी निवडायची. गेल्या वर्षी उन्हाळ्यात भिंत ओली दिसायला लागली. गवंडी म्हणाला, फरशी उखडावी लागेल, महिनाभर न्हाणीघर बंद. मी त्याला परत पाठवला."

"आणि चुना?"

"डाग दिसला की ती म्हणाली असती, बंद करा. म्हणून तिला कळायच्या आत मी चुना लावायचो." मास्तर जरासे हसले. "माघात ती गेली. नंतर दुरुस्त कशासाठी करायचं, तेच कळेना."

माझी पेन्सिल थांबली होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लिहा, बाई. हे सगळं लिहा."

"मी खोटं सांगितलं," मास्तर म्हणाले. "चाळीस वर्षं मुलांना ह्याच गोष्टीसाठी छड्या मारल्या."

"फॉर्मवर अजून सही केली नाहीये ना तुम्ही? मग खरं काय ते आता लिहून सही करा. पण मला हे अहवालात घालावं लागेल. ह्या भिंतीचं आणि त्या वाकलेल्या तुळईचं काही मिळणार नाही."

"घाला," मास्तर म्हणाले.

मला वाटलं, संपलं. मी वही मिटली. साहेब मात्र कोट काढून शिडीनं छपरावर चढले. वैशाखातलं दुपारचं ऊन, टाकीचं लोखंड हात लावू देत नव्हतं, आणि हे गृहस्थ दोन तास वर. खाली आले तेव्हा हातात दीड वीत पाइपाचा तुकडा होता, उभा चिरलेला. तो त्यांनी मला दाखवला. "ही कड बघा. चकचकीत. गंज नाही. हा पाइप वरून टाकीतून येतो, बैठकीच्या डोक्यावरून. त्याचा आणि ह्या शॉवरच्या गळतीचा काही संबंध नाही. हा खरोखरच एका दुपारी फुटला." मग बैठकीतल्या ढिगाऱ्यातून एक फळी ओढून काढली आणि मोडली. आतून लाकूड पांढरं, कोरडं. न्हाणीघराखालच्या फळीचा तुकडा मोडला तर तो काळा, भुसभुशीत. दोन्ही तुकडे त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकले.

त्यांचा अहवाल नऊ परिच्छेदांचा होता. इंग्रजीत असायचा, मी मराठीत सांगते. सातव्यात त्यांनी लिहिलं की भिंत आणि एक तुळई हळूहळू झिरपून खराब झाली, मालकाला ते माहीत होतं, त्याची भरपाई देय नाही. आठव्यात लिहिलं की बैठकीचं छत वेगळ्या पाइपाच्या अचानक फुटण्यानं पडलं, पुरावे सोबत जोडले आहेत, त्याची पूर्ण भरपाई देय आहे. नवव्यात मालकानं लेखी दाव्यापूर्वी स्वतःच खरी हकिकत सांगितल्याची नोंद.

मी तो टाईप करून मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि मला बोलावलं.

"आठवा परिच्छेद काढून परत टाईप करा."

"पण साहेब..."

"मालक एकदा खोटं बोलला, विषय संपला. हेड ऑफिसला गोंधळात टाकायचं नाही. नवव्याला आठवा नंबर द्या. सही करताना सर्व्हेअर वाचत नाहीत, माहितेय मला."

मी खाली मान घालून जागेवर आले. घरी वडील आजारी होते, भावाचं शिक्षण चालू होतं. नोकरी सोडायची कल्पनाही मला करता येत नव्हती. मी नवा कागद लावला आणि टाईप करायला लागले. सातवा संपला. पुढे मी काय केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी कागद चार बोटं वर सरकवला, कोरी जागा सोडली, आणि खाली जो परिच्छेद लिहिला त्याला नऊ हाच नंबर दिला. मॅनेजर जेवायला बाहेर गेले होते.

साहेब आले. सहीसाठी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि मी रस्त्याकडे बघत बसले. मागून पानं उलटल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही. मग ते माझ्या टेबलापाशी आले.

"बाई, जरा उठता का?"

मी उठले. ते माझ्या खुर्चीत बसले, तो कागद यंत्रात घातला, खालीवर करून कोऱ्या जागेवर आणला आणि एका बोटानं टाईप करायला लागले. ते यंत्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हाताळलं असावं. एक अक्षर शोधायचे, खट्. मग दुसरं. सगळं ऑफिस हातातली कामं टाकून बघायला लागलं.

"बाई, यू कुठे आहे?"

"वरच्या ओळीत, साहेब. वायच्या शेजारी."

"हां. सापडला." खट्.

अर्धा परिच्छेद झाला असेल, तेव्हा मॅनेजरसाहेब जिना चढून आले. दारातच थांबले. "हे काय चाललंय?"

"अहवाल पुरा करतोय," साहेब मान वर न करता म्हणाले. "सही माझी आहे, तेव्हा अक्षरं माझी असलेली बरी. बाई, पूर्णविराम?"

मी पूर्णविराम दाखवला. त्या चार बोटं जागेत त्यांनी अख्खा परिच्छेद बसवला, चुका खाडाखोड करून सुधारल्या, कागद काढला, सही केली, पिशवीतून पाइपाचा तुकडा काढून त्यावर ठेवला आणि मॅनेजरच्या हातात दिला. मला एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

हेड ऑफिसनं बैठकीच्या छताची भरपाई मंजूर केली. मास्तरांनी घर विकलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात नवं छत झालं. भिंतीचं आणि तुळईचं काम त्यांनी बायकोच्या पाटल्या मोडून केलं, असं नंतर कळलं. साहेब आपला राहिलेला चहा घ्यायला गेले तेव्हा मास्तरांनी त्यांना वरच्या न्हाणीघरात नेऊन शॉवरची धार सोडून दाखवली. दोघं बराच वेळ ती धार बघत उभे होते म्हणे.

त्यानंतर महिन्याभरात कंपनीनं साहेबांना काम देणं बंद केलं. तसं कळवणारं पत्र मीच टाईप केलं. त्यात गाळण्यासारखं काही नव्हतं, दोनच ओळी होत्या.

पावसाळा संपता संपता मी दुसरी नोकरी शोधायला लागले. कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत क्लार्क पाहिजे होती. आधी जिथे काम केलं तिथला वागणुकीचा दाखला लागणार होता. मॅनेजरसाहेबांकडे मागायची माझी छाती नव्हती. एका रविवारी मी कळव्याला साहेबांचं घर शोधत गेले. मागे मिठागरं, पुढे ओसरी. त्यांची आई सुपात मासळी निवडत बसली होती.

"कोन गो तू बाय? हापिसातली? बस, बस. तो वर छपरावं बसलाय. सगल्या दुनियेची ओल बगतो, आन् आमच्या घरात पान्याखाली सा जागी टोपं लावलीत."

साहेब खाली आले. कोटाशिवाय ते मला ओळखूच आले नाहीत. मोहन्याच्या कारखान्यात पाण्याच्या नळांवर देखरेखीचं काम मिळतंय, म्हणाले. मला मग राहवलं नाही. मी त्या परिच्छेदाचं बोलले. चार महिने साठलेलं सगळं. घरची अडचण, मॅनेजरची भीती, आणि ती जागा मी का सोडली ते मलाच माहीत नाही हेही. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे मिटून, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं.

"दाखला देतो," ते म्हणाले. "पण मी पाहिलं तेच लिहीन."

आणि ओसरीवर बसून त्यांनी लिहिला, शक्य तितक्या वाचनीय अक्षरात:

"ह्या बाईंचं काम मी तीन वर्षं जवळून पाहिलं. टायपिंग स्वच्छ. वेळेच्या पक्क्या. एका प्रसंगी वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्यांनी माझ्या अहवालातला एक परिच्छेद वगळला, मात्र वगळताना त्याची जागा सोडली. हे भीतीनं केलं की हिमतीनं, हे पुरेशी पाहणी करूनही मला ठरवता आलं नाही. दोन्ही असावं. तेव्हापासून त्यांना चैन नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. अशा व्यक्तीच्या हाती कागद सुरक्षित राहतील, असं माझं मत आहे."

वाटेत तीनदा वाटलं, हा कागद फाडून टाकावा. नोकरी मागताना कुणी असला दाखला दाखवतं का? पण दुसरा दाखला नव्हता.

शाळेच्या मुख्याध्यापिका जाड चष्म्याच्या, कडक बाई होत्या. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हा प्रसंग कुठला? सांगा."

मी सांगितला. स्टूल, चुना, पाइपाचा तुकडा, सगळं सांगितलं. मध्ये तासाची घंटा झाली तरी त्या उठल्या नाहीत. माझं झाल्यावर म्हणाल्या, "सोमवारपासून या." आणि तो कागद फायलीत लावायला घेतला.

"बाई, तो मला परत मिळेल का?" मी विचारलं.

"तो शाळेचा झाला आता. हवं तर नक्कल करून घ्या."

मी तिथेच, त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, त्यांच्याच टाकानं ती नक्कल उतरवून घेतली. परिच्छेद वगळल्याच्या वाक्यापाशी आले तेव्हा हात थांबला. मुख्याध्यापिका समोर काही तरी वाचत होत्या, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी टाक दौतीत बुडवला आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं.